क्षीण ठिपका

घरात रडार बसवायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते बाबाच. "म्हणजे आता माझ्या गॅलरीत विमानं उतरणार तर!"

थोरली लेक विमानतळावर नोकरीला होती. चार ठिकाणची रडारं एकाच विमानाबद्दल चार गोष्टी सांगतात. त्या जुळवून पडद्यावर एकच ठिपका आणायचा, हे तिचं काम. त्यामुळे हेही काम आपसूक तिच्याच गळ्यात पडलं.

धाकट्या भावाची अट साधी होती. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. पुन्हा पडले तर लगेच कळवेल असं यंत्र हवं, नाहीतर बाबांनी चंबूगबाळं आवरून त्याच्याकडे राहायला जायचं. बाबांचा तर सगळा जीव या घरात. इथून हलवलं तर ते खचतील, याची थोरलीला धास्ती होती.

रविवारी सकाळी तिने भिंतीवर छोटंसं रडार लावलं. श्वास घेताना छाती हलते, तेवढी हालचालही ते टिपायचं. छताला उष्णता ओळखणारा डोळा बसवला. एकट्या यंत्राच्या शब्दावर ती कधीच जात नसे. दोघांची साक्ष जुळली तरच ठिपका. मग आपलाच ठिपका मधे यायला नको म्हणून ती गॅलरीत जाऊन बसली आणि फोन उघडला.

ठिपके दोन होते.

एक आरामखुर्चीत, म्हणजे बाबा. दुसरा त्यांच्या समोर, खिडकीशेजारच्या वेताच्या खुर्चीत. ती खुर्ची रिकामी होती. दारातून स्वच्छ दिसत होती.

"बाबा, जरा हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

लोखंडी कपाटावर आपटून रडारच्या लाटा परततात आणि माणसाची नक्कल उमटते, हे तिच्या रोजच्या पाहण्यातलं. तिने कपाटावर जाड रजई टाकली. ठिपका होता तिथेच. बरं, नक्कल म्हणावी तर बाबा उठल्यावर तिनेही उठायला हवं. बाबा चहा टाकायला ओट्यापाशी गेले, खुर्चीतला ठिपका मात्र बसून राहिला. संथ श्वास घेत होता. ऊबही माणसाएवढीच दाखवत होता.

तिने जाऊन खुर्चीवर तळहात ठेवला. वेत गार होता.

"इथे कोणी बसतं का हो?"

"कोण बसणार? मी आपला माझ्या जागी." बाबांनी गाळणं हातात घेतलं. "पण हल्ली घर कसं भरल्यासारखं वाटतं बघ. झोपही मस्त लागते."

ते खरंच होतं. बाबांचे गाल वर आले होते, ते गुणगुणत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना असं बघून तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. "ताई, झालं का?"

"होतंय. एक ठिपका जास्तीचा येतोय."

"ज्याला एक आणि दोन कळत नाही, त्याच्या भरवशावर बाबांना ठेवायचं? मी संध्याकाळी गाडी घेऊन येतो."

तिला यावर उपाय माहीत होता. ठरावीक पातळीखालचे क्षीण संकेत मोजायचेच नाहीत, असं यंत्राला सांगता येतं. खरा माणूस ठळक असतो, भास फिका असतो. तिने बाबांना अगदी रडारसमोर आरामखुर्चीत बसवलं, परत गॅलरीत आली आणि पातळी हळूहळू वर सरकवली.

एक ठिपका विझला.

"सुटले बाई," ती म्हणाली, आणि मग तिने नीट बघितलं.

आरामखुर्ची रिकामी होती. पडद्यावर.

समोर बाबा चहाचे घोट घेत होते.

तिने पातळी खाली आणली, पुन्हा वर नेली. विझत होते ते बाबा. वेताच्या खुर्चीतला ठिपका तसाच ठळक होता.

मग तिने पातळी पहिल्यासारखी खाली आणून ठेवली आणि धाकट्याला फोन लावला.

"दोन दाखवतंय, आणि मी तसंच ठेवलंय. बाबा पडले तर कळेल, एवढं नक्की."

"आणि दुसरा कोण?"

"माहीत नाही."

"बाबा कसे आहेत?"

"मजेत आहेत रे. खूप."

"मग राहू देत तिथेच. बघू."

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली. तिलाही भरून आलं. निघताना तिने त्यांना घट्ट मिठी मारली.

खाली रस्त्यावर येऊन तिने वर बघितलं. खिडकीत बाबा उभे होते. चौकडीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. दोन्ही हात उंच करून हलवत होते. तिनेही हात हलवला.

फोन वाजला. बाबांचा होता.

"अगं वेंधळे, छत्री विसरलीस. मी कधीचा जिन्यात उभा आहे ती घेऊन. येतेस का वर?"

तिची नजर खिडकीवरून हलेना.

"येते, बाबा," ती कसंबसं पुटपुटली.

खिडकीतल्या बाबांनी मान डोलावली.