चुलीतलं चुंबक

उमेश जव्हारला आला तो एका साध्या कामासाठी. प्रयोगशाळेचं एक चुंबक परत न्यायचं होतं. बायको जाऊन दीड महिना झाला तरी ते तिच्या खोलीतच पडून होतं आणि वरिष्ठांनी दोनदा आठवण करून दिली होती.

त्याची बायको पुष्पलता जव्हारजवळच्या साखरशेतच्या शाळेत बाई होती. हा मुंबईत लोखंडाचे कण बारीक करण्यात गुंतलेला. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. त्यांच्यावर औषध चढवायचं, रक्तात सोडायचं आणि बाहेरून चुंबक धरून दुखऱ्या जागी थोपवायचं, हे त्याचं संशोधन. अकरा वर्षं हा शनिवारी यायचा आणि रविवारी वही उघडून बसायचा. तिच्या यकृतात गाठ निघाली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनेच हट्ट धरला आणि त्याने कोणाला न विचारता ते औषध तिला दिलं. रजा टाकून रोज अर्धा तास तो तिच्या उजव्या बरगडीखाली चुंबक धरून बसे.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी बसलास," ती हसून म्हणाली होती. तीन आठवड्यांनी गेली.

दुपारचे तीनच वाजले होते, पण ऑगस्टचं धुकं दारातून आत शिरून खोलीत दिवेलागणीसारखा अंधार झाला होता. ओल्या गोधडीचा आणि डेटॉलचा वास येत होता. शेजारच्या धोंडीबाईने शेवटी पुष्पलताचं सगळं केलं होतं. आज ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत येईना.

फळीवर उरलेल्या औषधाची बाटली होती. आत काळं, तेलासारखं पाणी. चुंबक जवळ आणलं की त्याला काटे फुटतात, एरवी ते मुकाट सपाट असतं. चुंबक तर पलीकडे कपाटात, जाड लाकडी पेटीत होतं. तरी उमेशने बाटली उचलताच काळं पाणी एका बाजूला चढलं, आणि त्याला बारीक काटे फुटले.

पुष्पलताच्या बाजेच्या दिशेने.

तो खोलीभर फिरला. कुठेही उभा राहिला तरी काटे बाजेकडेच वळत, बसलेल्या माणसाच्या बरगडीच्या उंचीवर. बाज लाकडाची होती, सुंभाने विणलेली.

"मावशी... इथे..."

"बाई हाये," धोंडीबाई हळूच म्हणाली. "आजारी मानसाच्या बाजंखाली आमी कोयता ठेवतो, बाहेरचं आत येऊ नाय म्हनून. जीव गेला का पयला तो काढायचा, नायतर जानाऱ्याला वाट नाय. कोयता मी काढला सायब. पन तुमचं लोखंड तिच्या अंगात हुतं... ते मी कसं काढू?"

उमेशला भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद, आणि मग त्या आनंदाची लाज.

"काय करू?"

"धरून ठेवलंय ते सोडा."

चुंबक तापलं की मरतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. धोंडीबाईच्या चुलीतल्या निखाऱ्यांत त्याने ते सरकवलं आणि अर्धा तास समोर बसून राहिला. बाहेर काढून गार केलं, तेव्हा त्याला साधी सुईही चिकटेना. खोलीत येऊन पाहिलं, तर बाटलीतलं पाणी सपाट होतं. बाज नुसती बाज होती.

"सुटली," धोंडीबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच आत आली. उमेश ढसाढसा रडला.

पाचच्या ठाण्याच्या एसटीत तो मागे एकटाच बसला. काचेबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. पहिलं वळण उतरताना त्याने उगाचच पिशवीतून बाटली काढली.

काटे उभे होते.

त्याने बाटली फिरवली, तसे काटेही फिरले. या वेळी ते त्याच्याकडेच वळलेले होते, त्याच्या उजव्या बरगडीखाली. चुंबक मेलं होतं. औषधाचा एक थेंबही त्याने कधी स्वतःच्या अंगात घेतला नव्हता.

"जा आता," तो पुटपुटला, आणि त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

त्याने घड्याळ पाहिलं. विक्रमगड मागे पडलं, अर्धा तास कधीच उलटून गेला, तरी काटे तसेच होते. ते खाली बसावेत असं त्याला एकदाही वाटलं नाही. आणि बरगडीखाली, अगदी आतून, काहीतरी हळूहळू ओढत होतं.