पाण्याकडे तोंड केलेली खुर्ची

श्रीमंतांच्या गावात जायचं आणि आपल्या ऐपतीनं राहायचं, असा आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाचा बेत होता. खोली मिळाली ती लाँड्रीच्या वर. समुद्रकाठच्या बड्या हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला येत, त्यामुळे सकाळी फरशी पायांना कोमट लागायची. "अरे, मजा बघ," बायको म्हणाली, "त्यांच्याच चादरींवर झोपतोय आपण, फक्त एक मजला वर." माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांच्या नजरेचे नंबर काढून पोट भरतो, त्यामुळे दिसतं तेवढंच मानायची सवय.

पहिल्याच सकाळी फिरत फिरत आम्ही सगळ्यात महागड्या हॉटेलच्या हिरवळीवर पोचलो. तिथं पाण्याकडे तोंड करून वेताच्या पांढऱ्या खुर्च्यांची रांग मांडली होती. पाय दुखले म्हणून बायको एकीत टेकली. आता हाकलणार, असं धरून मी पिशवी उचलली. एक म्हातारा वेटर आला आणि अदबीनं वाकला.

"या वेळी उशीर केलात, मॅडम."

तिनं मला डोळा मारला. चहा आला, तिला आवडतो तसा, लिंबू पिळून. फुकट ते पौष्टिक! आपण त्या मॅडम नव्हेच, हे सांगणं आम्ही चहा संपेपर्यंत लांबवलं आणि मग राहूनच गेलं. मी तिच्याच कपातले चार घोट उभ्यानं घेतले.

संध्याकाळी लाँड्रीवाल्या बाईंना ही गंमत सांगितली. घडी घालता घालता त्यांचे हात थांबले.

"तुम्हीपण बसलात?"

"नाही, ही एकटीच."

"बसायचं तर दोघांनी बसायचं," त्या म्हणाल्या आणि पुढची चादर उचलली.

दुसऱ्या दिवशी मी जागा होईपर्यंत ती हिरवळीवर पोचलेली. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण "ती साहेबांची आहे," असं वेटरनं मला सौम्यपणे सांगितलं. मी गवतावर बसलो. हवा इतकी मऊ होती, की रागवायचंही सुचेना. पूर्वी इथं लाकडी धक्का होता, ती सांगू लागली. मुलं त्यावरून उड्या मारायची. तुला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं तर हसली. त्या गावात आम्ही दोघंही पहिल्यांदाच आलो होतो.

तिसऱ्या दिवशी तिनं चष्मा काढून ठेवला आणि लांबच्या होडीवरचा आकडा मला वाचून दाखवला. मला तर होडीच जेमतेम दिसत होती. तिचा नंबर मीच काढलेला, उणे साडेचार. मी घाबरलो, ते इथं कबूल करतो.

चौथ्या दिवशी मी सामान बांधलं आणि हिरवळीवर तिला घ्यायला गेलो.

"चल, बसची वेळ झाली."

ती निमूट उठली. आम्ही फाटकापर्यंत आलो तेव्हा मी मागे पाहिलं. वेटर तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर चहा ठेवून, वाकून काहीतरी ऐकत होता.

बसमध्ये मी तिला खिडकी दिली. तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, काढून घेतला.

"घरी गेल्यावर सगळं ठीक होईल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे वळून नीट पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीचं काहीच नव्हतं, नुसता चांगुलपणा होता.

"माझे मिस्टर मागच्या गाडीनं येताहेत," ती म्हणाली. "तोवर बसा ना तुम्ही इथं. त्यांची काही हरकत नसते."