बाहेर न जाणारं पुस्तक

भोकरदनच्या त्या शाळेची लायब्ररी म्हणजे चार लोखंडी कपाटं, एक कुरकुरणारा पंखा आणि अर्पिता. त्या दुपारी मात्र ती कपाटांकडे पाठ करून संगणकापुढे बसली होती. शाळेला एका ऑनलाइन ग्रंथालयाचं महिनाभराचं मोफत सभासदत्व मिळालं होतं. एक शब्द टाकला की पुस्तकं, शोधनिबंध, जुने नकाशे... संपायचं नावच नाही. इतकी वर्षं आपण ग्रंथांच्या नुसत्या उंबऱ्यावर बसून होतो, असं तिला वाटलं.

"अगं बाई..." ती मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं, मॅडम?"

दारात एक उंच तरुण उभा होता. केदारखेड्याचा सोमेश्वर, शाळेचा जुना विद्यार्थी. दाखला न्यायला आला होता आणि क्लार्क जेवायला गेला म्हणून सावलीला थांबला होता. अर्पिताला हे नवल कुणाला तरी दाखवल्यावाचून चैन पडत नव्हतं. तिनं त्याला खुर्ची दिली, म्हणाली, यात काहीही विचारा.

"मंग मोसंबीची फळगळ विचारा. आमची सगळी बाग गळून राह्यली."

तिनं इंग्रजीत शब्द टाकले. ब्राझील, स्पेन, चीन, नागपूर... निबंधांची रांग खाली खाली सरकत राहिली. सोमेश्वर पापणी न लवता बघत होता. त्याच्या वडिलांनी बाग तोडायचं ठरवलं होतं, आणि दिवाळीनंतर तो पुण्याच्या कंपनीत जाणार होता. दाखला त्यासाठीच हवा होता.

"म्हणजे तिकडंबी कुणीतरी रोज सकाळी झाडाखाली बसून गळलेली फळं बघत असंल..." तो हळूच म्हणाला.

अर्पितानं त्याच्याकडे पाहिलं. एवढं मोठं जग आणि हा माणूस त्यात सगळ्यात आधी दुसऱ्याचं दुःख बघतो, याचं तिला फार अप्रूप वाटलं. तिथंच ती मन हरवून बसली, पण हे तिला कळायला बरेच दिवस जायचे होते.

हे घरी नेता येईल का, असं त्यानं विचारलं. अर्पितानं सवयीनं नियम सांगितला: संदर्भाचं पुस्तक बाहेर जात नाही, इथंच बसून वाचावं लागेल. संगणकातल्या पुस्तकालाही तोच नियम असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सोमेश्वरनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला हजर झाला.

मग तो येतच राहिला. ती इंग्रजी वाचून दाखवायची, तो शेतीचं उलगडून सांगायचा. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि झाड आपणहून फळं सोडतं, हे त्या दोघांना मिळून कळलं. त्याच्या हातांना मोसंबीच्या सालीचा वास असायचा. गावात सगळ्यांना भाऊ म्हणणाऱ्या अर्पिताची जीभ त्याला भाऊ म्हणताना मात्र अडायची. शाळेचे शिपाई कचरूमामा उगाचच दोनदा पाणी आणून ठेवायचे आणि खाली बघून हसायचे.

दुसऱ्या आठवड्यात तेच ग्रंथालय मोबाइलवर उघडून बघताना कोपऱ्यातला एक बाण तिच्याकडून चुकून दाबला गेला आणि अख्खा निबंध तिच्या मोबाइलवर येऊन बसला. ती थक्क झाली, आणि लगेच घाबरली. हे त्याला पाठवलं तर तो कशाला येईल? तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि गप्प राहिली.

महिना संपला तो शनिवार. उद्यापासून सगळं बंद होणार होतं. सोमेश्वर आला तो हसतच. झाडांच्या ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढल्यावर गळ कमी झाली होती. बाग तोडायचा विचार वडिलांनी या हंगामापुरता तरी सोडला होता. तिनं विचारलं, पुण्याचं काय? तो म्हणाला, अजून ठरत न्हाई.

अर्पितानं मन घट्ट केलं. निबंध त्याच्या कामाचे होते, तिच्या नव्हते. तिनं एकेक करून सगळे मोबाइलवर उतरवले आणि त्याला पाठवले. त्याच्या खिशात मोबाइल वाजत राहिला.

"हे आधीच पाठवता आलं असतं," ती खाली मान घालून म्हणाली. "मला कळलं होतं... पण मी पाठवलं नाही. तुमचं येणं बंद झालं असतं."

पंखा कुरकुरत होता. सोमेश्वरनं मोबाइल बाहेर काढून पडद्यावरून बोट फिरवलं.

"आता तर सगळं माझ्याकडं आलं," तो म्हणाला. "यायला काही कामच न्हाई उरलं. मंग... बिनकामाचं आलं तर चालंल का? पुण्याचं नक्की करायच्या आधी हे विचारायचं होतं."

"उद्या रविवार आहे. लायब्ररी बंद असते."

"मला लायब्ररीत कुठं यायचंय?"

अर्पिताला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. तिनं संगणक बंद केला, पर्स उचलली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मग घरी या. आई-बाबा दोघंही असतात. तुम्ही येताय म्हणून त्यांना आज सांगून ठेवते."

सोमेश्वर खुर्ची ओढून परत बसला. तिच्या आई-बाबांविषयी एकेक विचारत राहिला, आणि कचरूमामांना कुलूप लावायला तासभर थांबावं लागलं.