चिपट्यातली बरकत

शहागडजवळच्या दुष्काळी कामावरच्या पाळणाघरात एकतीस पोरं, सात झोळ्या, दोन माठ आणि एक चिपटं होतं. चिपटं म्हणजे धान्य मोजायचं लहान पितळी माप. त्यानेच मुकादम काकासाहेब पोरामागे रोज दोनशे ग्रॅम म्हणून सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारं कोरडं पौष्टिक मिश्रण, वाटत.

बारा वर्षांच्या ताहेराने सुट्टीत हे सगळं मोजलं होतं. तिचा दोन वर्षांचा भाऊ लतीफ रोज चिपटंभर सुकडी खाऊनही वाळत चालला होता. दर सोमवारी नर्स प्रभावतीबाई त्याला काट्याला टांगत. महिन्याभरात तो साडेआठ किलोंवरून आठवर आला.

"आणखी घटला तर औरंगाबादच्या दवाखान्यात न्यावं लागेल," बाई म्हणाल्या. म्हणजे अम्मीची खडी फोडणं बंद, आणि घरची चूलही.

गोदामात मात्र महिनाअखेर सुकडीची दोन पोती जास्तीची उरली होती.

"बरकत हाय," काकासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

ताहेराच्या वर्गातला वसंता पुटपुटला, "चोरी झाली तर माल कमी होतो. हितं जास्ती कसा?"

"मंग विचार की."

"तूच विचार. मला कालच हाकललंय."

तिने विचारलं. तिलाही हाकललं.

"चिपटं मी स्वतः तोलून घेतलंय. दोनशे म्हंजी बराबर दोनशे. डोकं खाऊ नको."

"कवा तोललं?"

"पहिलं पोतं आल्तं तवा."

ताहेरा दारातच थबकली. पहिली सुकडी जाड, रवाळ होती. या महिन्यातली पिठासारखी भुसभुशीत.

दुपारी दोघांनी कडूबा दुकानदाराचा तराजू मागून काकासाहेबांसमोर गोदामात आणला. एका पारड्यात दोनशेचं वजन, दुसऱ्यात चिपटंभर सुकडी. वजनाचं पारडं जागचं हललं नाही.

"तराजूच खोटा असंल," काकासाहेब वैतागले.

"असंच म्हणणार तुम्ही," ताहेरा म्हणाली. जुन्या पोत्याच्या तळाची रवाळ सुकडी झटकून तिने तेच चिपटं भरलं आणि त्याच तराजूत ओतलं. पारडी समान झाली.

मग वसंताने लहान वजनं लावून नवी सुकडी तोलली. एकशेचाळीस. माप तेवढंच, पण भुसभुशीत सुकडी वजनाला हलकी.

काकासाहेब उरलेल्या पोत्यावर मटकन बसले. "रोज पोरामागं साठ ग्रॅम कमी?"

"त्याच बरकतीवर बसलात तुम्ही," वसंता म्हणाला.

काकासाहेब झटकन उठले. त्यांनी चिपटं बाजूला सारलं. मग म्हणाले, "पोरी, अक्कल हाय तुला. उद्यापासून तराजूनं वाटू. तू शेजारी उभी ऱ्हा. आन् ही दोन पोती आधी वाळलेल्या पोरांना."

त्यानंतरच्या चौथ्या सोमवारी प्रभावतीबाईंनी लतीफला काट्याला टांगलं.

आठ किलो सहाशे ग्रॅम.