धुतलेला पन्ना

"घेऊन जा हिला! चोर आहे ती!"

हवालदाराला घेऊन फौजदारबाईंनी आत पाऊल टाकताच सासरा सुनेकडे बोट दाखवत गरजला. टेबलावर उघड्या पुडीत एक सुटा पन्ना होता. फिकट, गढूळ, अंगभर भेगा. काल याच पुडीत हिरवागार खडा होता म्हणे. म्हाताऱ्याने शेवटची जमीन विकून घेतलेला.

आरडाओरडा करणाऱ्यांवर बाईंचा आधीच राग. त्या सोफ्यावरच्या पाहुण्याकडे वळल्या.

"तुम्ही?"

"जवाहिऱ्या. खडा मीच विकला. हा तो नव्हेच! पन्न्यात आधी रंग, मग निर्मळपणा, घडण आणि वजन. माझा खडा सगळ्यांत अव्वल होता. सुनेने बदललाय."

"याचं वजन केलंत?"

"कशाला? डोळे आहेत ना मला!"

बाईंनी त्याच्याच खिशातला काटा मागून घेतला. पावतीवरचं वजन तंतोतंत जुळलं.

"नकली आणला तोही मोजून," जवाहिऱ्या म्हणाला. "पक्की आहे."

सून भिंतीशी उभी होती. डोळे कोरडे, मुठी वळलेल्या. नवरा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. बाईंना त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली.

"खड्याचं काय केलंत तुम्ही?"

"गिऱ्हाईक येणार होतं. मामंजी म्हणाले, चकचकीत करून ठेव. म्हणून कढत पाण्यात साबण घालून दिवसभर ठेवला."

"पाण्यात?" जवाहिऱ्या ताडकन उठला. "पाणी लावू नका म्हणून बजावलं होतं मी!"

"का? विरघळतो?"

तो पुन्हा सोफ्यावर टेकला.

बाईंनी पुडीचा कागद उजेडात धरला. मधोमध डाग होता, आरपार दिसणारा. त्यांनी तो हुंगला आणि खडा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तेव्हा तळहातावर हिरवा पन्ना होता.

"सापडला."

"हाच! हाच माझा!" सासरा झेपावला. नवराही पुढे सरसावला. जवाहिऱ्या मात्र दाराकडे निघाला.

"काय हो, तुमचा अव्वल खडा बघायचा नाही?"

"दुकान उघडं टाकून आलोय."

"हवालदार, दार लावा." बाईंनी खडा टेबलावर ठेवला. "चोरी झालीच नाही. हा तोच मघाचा खडा. फक्त कोमट तेलात बुडवून आणलाय. तेल भेगांत शिरलं की भेगा दिसत नाहीत, रंग खुलतो. पन्न्याला थोडं तेल लावतात, पण ते सांगून आणि भाव उतरवून. यांनी भेगाळलेला खडा तेलाने बुजवून निर्मळ म्हणून विकला. पुडीला डाग पडला तो त्याच तेलाचा. साबणाने तेल निघालं आणि पितळ उघडं पडलं. मग चोरीचा आळ सुनेवर ढकलला, म्हणजे पैसे परत मागायला कोणी येणार नाही."

"धंद्यात सगळेच..." जवाहिऱ्या पुटपुटला. हवालदाराने त्याचं मनगट धरलं.

सासऱ्याने घसा खाकरला. "बरं, सूनबाई, झालं गेलं. चहा टाक सगळ्यांना."

"आधी चूक झाली म्हणा, मामंजी. चोर म्हणालात तसंच, सगळ्यांसमोर."

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. नवऱ्याने मान खाली घातली.

सुनेने पायात चपला सरकवल्या. "बाई, मला माहेरी सोडाल?"

जवाहिऱ्याला जीपमध्ये मागे कोंबलं. सून पुढे, फौजदारबाईंच्या शेजारी बसली.