दोन डावे बूट

विश्वास ठेवणार नाही तुम्ही! या बाकावर अनवाणी बसून, बुटांची वाट बघत, आजवर ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांतल्या एकानंही ठेवला नाही. आणि माझ्या हाताकडे असं बघू नका. वय झालं की चहा कपात कमी नि बशीत जास्त. टाके त्या कोपऱ्यातल्या बाई घालतात. त्या फारसं बोलत नाहीत. बोलायचं खातं माझ्याकडे!

तर एक होता थोरला भाऊ, बापाच्या दुकानात जोडे शिवणारा. डावखुरा! तोंडात चाळीस खिळे धरून प्रार्थनेची गाणी म्हणायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. टाका असा घट्ट, की पाणी आत शिरण्याआधी परवानगी मागायचं.

एकदा एका नवरदेवाच्या बुटांचं काम आलं. धाकट्या भावानं घाईघाईत दोन्ही बूट डाव्या पायाच्याच साच्यावर चढवले. दोन्ही डावे! लग्न उद्यावर, कातडं संपलेलं. बाप कडाडला, "कुणाचे हे दिवे?"

धाकट्यानं बोट दाखवलं... थोरल्याकडे! "डावखुरा ना तो, त्याला सगळं डावंच दिसतं!"

थोरल्याच्या अंतःकरणात वीज कडाडून गेली. एक शब्द... फक्त एक शब्द उच्चारला असता तर! पण धाकट्याचे भयानं पांढरेफटक पडलेले ओठ त्याला दिसले. आपली टाके घालायची आरी तेवढी खिशात घालून, बायकोचा हात धरून, तो त्याच पावली घराबाहेर पडला. बापानं मरेपर्यंत त्याचं तोंड पाहिलं नाही.

वर्षं गेली. दुकान धाकट्याचं झालं आणि धाकट्याला कंपवात जडला. आरी धरवेना. दुपारी अर्धवट जोडे मागच्या पायरीवर टाकून तो हताश होऊन आत जाऊन पडायचा... आणि उठून बघावं तर जोडे शिवून तयार! टाके डावीकडे कललेले. धाकटा ओळखायचा. जोडे आत घ्यायचा नि कडी लावायचा.

थोरल्याची बायको जळफळायची. "ज्याच्यापायी घर सुटलं त्याचंच दुकान चालवताय? तुम्हाला माणूस म्हणू की पायपुसणं?"

थोरला पायरीवर दोऱ्याला मेण लावत हसायचा. "अगं, प्रभूनं त्या शेवटच्या जेवणाला सगळ्या शिष्यांचे पाय धुतले. त्याला वैऱ्यांच्या हाती धरून देणाराही तिथंच बसला होता ना? त्याचे नाही वगळले. मी तर नुसते जोडे शिवतोय."

"आणि त्यानं कधी हाकच मारली नाही तर?"

थोरल्याचा हात थांबला. त्यानं मागच्या दाराकडे पाहिलं. रोज दोन हातांवर ते दार... आत भावाच्या चपलांची फरफट... आणि कडी मात्र आतून! प्रेम करणं तेवढं त्याच्या हाती होतं, बाकी काहीच नाही...

शेवटी छातीच्या दुखण्यानं तो खंगला. बायकोला म्हणाला, "माझा टाका शिकून घे. माझ्यामागे त्याचे जोडे अडतील." आणि एका सकाळी तिच्या आधारानं पायरीवर येऊन त्यानं पहिल्यांदाच दार वाजवलं. "धाकट्या... उघड रे. काही मागायला नाही आलो. एकदा बघू दे तुला."

मग काय सांगू! धाकट्यानं दार असं उघडलं, की बिजागऱ्या गल्लीपलीकडे जाऊन पडल्या! थोरल्याच्या पायांवर त्यानं लोळण घेतली. "दादा, क्षमा कर, ते बूट माझेच होते!" म्हणत असा रडला, असा रडला, की दुकानातलं सगळं कातडं तीन दिवस वाळत घालावं लागलं! आणि थोरल्यानं त्याला उराशी...

"खोटं!"

कोपऱ्यातल्या बाईंची सुई थांबली होती.

"खोटं आहे हे, भाऊजी. तुम्ही आत कडीला हात लावून उभे होतात. तुमच्या हातानं ती कडी थरथरत वाजत होती, आम्ही दोघांनी ऐकली. पण दार नाही उघडलंत. पायरीवर त्यांना धरून मीच होते ना?... असू दे आता. तो बूट इकडे द्या. पडेल तुमच्या हातातून."