मधली जागा

बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवायचे, एवढंच काम होतं. पाचगणीच्या पलीकडं, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, उतारावर एका वस्तीत माया नांदत होती. माया म्हणजे राजरत्नच्या बायकोची, आम्रपालीची, थोरली बहीण. ती बाळंत झाल्याचा निरोप आला, तशी तिची आई बायडाबाई पलूसहून लाडवांचा डबा घेऊन कराडला जावयाच्या दारात उभी राहिली.

"पावनं, यष्टीच्या नादी लागलं तर दिस मोडतोय. तुमी सोडता का गाडीवर?"

ही ब्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. राजरत्न तेव्हा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्यानं मित्राची राजदूत मोटरसायकल मागून आणली. सासूला मागं बसवायचं म्हणजे अवघडच. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. बायडाबाई त्याच्यासमोर डोईचा पदर ढळू देत नसे, आणि तोही 'मामी' म्हणण्यापलीकडं फारसा बोलत नसे. आता दोघांच्या मधे डबा होता आणि तिच्या अंगाभोवती घोंगडं.

वाईच्या अलीकडं चाक पंक्चर झालं आणि तिथंच दिवस गेला. पसरणीचा घाट चढून वर आले तेव्हा सूर्य बुडाला होता. पाचगणीत चहाला थांबले, तर चहावाला म्हणाला, "आज लय कडक हाय गड्या. काल सड्यावरचं गवत पांढरं पडलं हुतं. हितंच ऱ्हावा की रातच्याला."

"आलंच की आता," राजरत्न म्हणाला. पुढं कितीतरी वर्षं त्याला ते वाक्य आठवलं की अंगावर काटा यायचा.

सड्यावर चढायच्या आधी एक ओढा लागतो. पाणी गुडघाभरच, पण दगडावर शेवाळ. गाडी घसरली आणि दोघंही पाण्यात गेले. राजरत्ननं मामीला धरून वर काढलं. डबा अंधारात वाहून गेला. किका मारून मारूनही गाडीनं दाद दिली नाही. समोर वर कुठंतरी एक दिवा लुकलुकत होता. तीच वस्ती असं समजून त्यांनी गाडी तिथंच टाकली आणि चालू लागले.

चालता चालता वाट संपली, पण दिवा काही जवळ येईना. मग धुकं उतरलं आणि दिवा गेला. मागं वळून बघितलं तर मागंही तसंच. पायाखाली नुसता कातळ आणि वर वारा. वाऱ्याला ओल्या कपड्यांचा वास लागल्यासारखा तो अंगाला भिडत होता.

हात पुढं करून चाचपडत राजरत्नला एका पडक्या गोठ्याची भिंत सापडली. कमरेइतकी उंच, रचलेल्या दगडांची. तिच्या आडोशाला दोघं बसले. काडेपेटीचा लगदा झाला होता. घोंगडं तेवढं त्यानं दोन्ही हातांनी पिळून घेतलं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते.

"घ्या मामी."

"तुमी घ्या. आमाला काय हुतंय."

त्यांच्यात वावभर अंतर होतं. थोड्या वेळानं तिचे दात वाजायला लागले. त्याचे तर मघापासूनच वाजत होते. शेवटी तोच म्हणाला, "मामी, लाज सोडा आता. पाठीला पाठ लावून बसू. न्हाईतर सकाळ दिसायची न्हाई."

बायडाबाई सरकून आली. घोंगडं दोघांभोवती आलं. तिच्या थरथरीनं त्याची पाठ हलत होती, आणि त्या हलण्याचा त्याला आधार वाटत होता. त्याचा चुलता केरू मिल्ट्रीत होता, बर्फात राहून आलेला. तो सांगायचा, "थंडीनं मानूस कापतोय तंवर भ्याचं कारन न्हाई. कापायचा थांबला की मग भ्यावं."

म्हणून राजरत्न तिला बोलतं ठेवत होता. पलूसची शेतं, आम्रपालीचं लहानपण, मायाचं लग्न. ती उत्तरं देत होती, पण हळूहळू तिचे शब्द जड झाले, एकात एक मिसळायला लागले. आणि मग तिची पाठ हलायची थांबली.

"मामी?... मामी!"

ती हसली. लहान पोरीसारखी.

"चूल पेटलीया बगा. भाकरीचा वास येतुया..."

आणि खरंच, वाऱ्याबरोबर शेणीच्या धुराचा वास आला. त्यात भाकरी करपल्याचा वास. राजरत्नच्या तोंडाला पाणी सुटलं.

"लय उकडाय लागलंय गं बाई," असं म्हणत तिनं घोंगडं झुगारलं आणि अंगावरचं ओलं लुगडं फेडू लागली. जिनं जावयापुढं कधी पदर ढळू दिला नाही, ती! राजरत्ननं वळून तिला पुढून कवळलं, घोंगडं वरून ओढलं आणि आपल्या दोन्ही हातांची बोटं तिच्या पाठीमागं घट्ट गुंतवली.

"मला माफ करा मामी. पन सोडनार न्हाई."

ती झटापट करत राहिली, त्याच्या खांद्याला चावली. मग तिचं अंग सैल पडलं. तिचा श्वास त्याच्या गळ्यापाशी लागत होता, तेवढाच मोजत तो बसून राहिला.

तेव्हा पाऊल वाजलं. गोठलेल्या गवतावर पाय पडला की बारीक कुरकुर होते, तशी. ती कुरकुर हळूहळू जवळ आली आणि भिंतीच्या पलीकडं थांबली.

"आत या की..." बाईचा आवाज होता, पातळ, तुटलेला. "चूल हाय आत... या..."

राजरत्नचे गुडघे आपोआप उठायला लागले. मग त्याच्या मनात आलं, चूल असेल तर उजेड कुठं आहे? भिंतीच्या पलीकडं काळंच होतं. तो परत खाली बसला. बराच वेळ काहीच वाजलं नाही.

मग आवाज आला तो भिंतीच्या अलीकडून.

"मग मला तरी घ्या... लय गारठलीया वं... मदी घ्या..."

बायडाबाईच्या घरातले देव-देवऋषी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बंद झाले होते. भुताखेताचं नाव ती पोरांना काढू देत नसे. पण आता, जिला मघापासून धड शब्द फुटत नव्हता, ती अगदी स्वच्छ बोलली.

"कोन गं बाय? ये... ये की. बस."

आणि तिनं अंग चोरलं.

"जागा न्हाई!" राजरत्न ओरडला. "मामी, कुनाला बोलावू नका! जागा न्हाई हितं!"

त्याच्या छातीला काहीतरी टेकलं. आडातून वर काढलेल्या दगडासारखं गार आणि ओलं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मिठी आवळली. पण मघाशी मामीच्या पाठीमागं गुंतलेली त्याची बोटं आता एकमेकांना लागत नव्हती. हात पुरत नव्हते.

उजाडताना दूध घालायला निघालेल्या वस्तीवरच्या तात्याबाला ते दिसले. वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर, उताराखालीच होती. घोंगड्यावर पांढरं दव गोठून कडक झालं होतं. राजरत्नचे हात इतके आखडले होते की दोन माणसांनी ते सोडवले. मायाच्या घरात दोघांना कोरड्या वाकळांत गुंडाळलं, कोमट पाणी चमच्यानं पाजलं, मग जीपनं दवाखान्यात नेलं. दोघंही वाचले.

पुढं ओढ्यातली गाडी न्यायला वस्तीवर आला तेव्हा राजरत्ननं तात्याबाला गाठून विचारलं, "त्या गोठ्यापाशी कोन बाई मेलीवती का वं कवा?"

तात्याबा दुधाची चरवी घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "सड्यावर थंडीनं गेलेली लय हाईत. कुनाकुनाचं सांगू?"

बायडाबाई पलूसला परत गेली. तिला त्या रात्रीतलं काही आठवत नाही असं ती म्हणे. भेट झाली की पदर सावरून 'जय भीम पावनं' करायची, चहा ठेवायची. राजरत्नला वाटलं, थंडीनं दोघांचं डोकं बधिर झालं होतं, दुसरं काय.

वैशाखात आम्रपाली चार दिवस माहेरी राहून आली. कराडला उन्हानं जीव नकोसा झाला होता. रात्री अंगणात अंथरूण टाकताना ती थांबली.

"अवं, आईचं काय तरी बिनसलंय. वाकळंच्या पार कडंला झोपती. निम्मी वाकळ मोकळी सोडती. मी तितं पडाय गेले, तर मला उठीवलं."

"काय म्हनली?"

"म्हनली, तिला झोपू दे, ती लय गारठलीया." आम्रपालीनं अंथरुणाची घडी तशीच छातीशी धरली. "तेवडंच आसतं तर म्हातारपन म्हनलं आसतं. पन रोज सकाळी ती निम्मी वाकळ मला वाळत घालाय लागायची... पिळून."